थंड इंजिनाचा धूर

गाडी सुरू झाली आणि आरशातला नवरा दिसेनासा झाला. तो मागे उभा होता, पायजम्याच्या नाडीशी चाळा करत, "हं, मार सेल्फ, मार," असं म्हणत. इंजिन आधी नुसतं कण्हलं, मग दचकल्यासारखं एकदम पेटलं, आणि आरशात नवऱ्याच्या जागी धूर उरला. निळसर, जड धूर. वर जायची त्याला मुळीच घाई नव्हती. तो जमिनीलगत पसरला, शेजारच्या स्कूटरवर चढला, तारेवर वाळत घातलेल्या चादरींत शिरला आणि सावकाश उघड्या काचेतून आत, तिच्याकडे आला. तिनं श्वास रोखून धरला, पण त्याआधी जो अर्धामुर्धा श्वास आत गेला होता तेवढा पुरे होता. करपलेलं तेल, त्याच्याखाली काहीतरी गोडसर, ओशट, आणि अगदी तळाशी ओळखीचा वाटूनही ओळख न देणारा एक कुबट थर. जिभेच्या मुळाशी तो वास चिकटून बसला. तळमजल्याच्या खिडकीत रिटायर झालेल्या नर्सबाई उभ्या होत्या. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. खिडकीची कड दोन नखांत धरून त्यांनी ती ओढून घेतली, आणि काच लागता लागता त्यांनी पाहिलं ते नवऱ्याकडे नाही, तिच्याकडे. वापरून टाकलेल्या कापसाच्या बोळ्याकडे पाहावं तसं.

धूर विरला तसा नवरा त्यातून हसत बाहेर आला.

"झाली की नाही सुरू? इतके महिने पडून होती, तरी एका झटक्यात."

"केवढा धूर आला."

"येणारच. पडून राहिली की येतो. आता बघ, आहे का कुठं?"

खरंच नव्हता. इंजिन चालू होतं, मागच्या नळीतून आता काहीही येत नव्हतं, चादरी पांढऱ्याच दिसत होत्या. जणू काही झालंच नव्हतं. तिनं किल्ली फिरवून गाडी बंद केली, खाली उतरली, आणि वर जाऊन हात धुतले. साबणानं धुतले, मग परत धुतले. पण वास हातांना नव्हताच; तो नाकात, पार आत, वरच्या अंगाला जाऊन बसला होता, आणि तिथं साबण पोचत नाही.

नाक हे तिचं कामाचं हत्यार होतं. शहराबाहेरच्या डेअरीत ती दूध तपासायला होती. प्रयोगशाळेत नळ्या होत्या, औषधं होती, काटे आणि मापकं होती, पण टँकरचं झाकण उघडलं की आधी तिला बोलावत. ती शिडी चढून वर जाई, वाकून एक श्वास घेई आणि "घ्या" किंवा "परत" एवढंच म्हणे. उग्र वासाचं गवत खाल्लेल्या जनावराचं दूध, गंजक्या कॅनमधलं दूध, उन्हात अडकून पडलेलं दूध, सगळं तिला कळायचं. आंबट व्हायला लागलेल्या दुधात सोडा घालून कुणी ते गोड करून आणलं, तर नाकापुढे ते फारच शहाण्यासारखं वागायचं, आणि त्याच शहाणपणानं तिला संशय यायचा. मग नळीत औषध टाकलं की दूध गुलाबी पडायचं. टँकरवाले तिला पाठीमागे 'नाक' म्हणत. आज नाक आलंय का, नाक रजेवर आहे का. तिला त्यात वाईट काही वाटत नसे. उलट कुठंतरी आपल्या एका तरी अवयवाला लोक भितात, ह्याचं तिला बरं वाटे.

रविवारी तिचा भाऊ गाडी बघायला येणार होता. तिच्याहून बराच लहान, तिच्या कडेवर वाढलेला. त्याची बदली दूरच्या एका कारखान्यात झाली होती, बायकोला दिवस गेले होते, आणि जिथं जायचं होतं तिथून दवाखाना लांब होता. गाडी विकत घेणं त्याला भागच होतं, आणि नवी परवडणारी नव्हती. तेव्हा नवराच आपणहून म्हणाला होता, "आमची नुसती धूळ खात पडलीय. घरातली गाडी घरातच राहील." भावाला ते ऐकून भरून आलं होतं. फोनवर तो दोनदा म्हणाला होता, "भाऊजींना सांग हं, ताई. आजकाल कोण कुणासाठी एवढं करतं?"

आमची. गाडी तिच्याच पगारातून घेतलेली, तिच्याच नावावर होती. पहिली काही वर्षं ती स्वतः चालवत डेअरीत जायची. मग नवऱ्याला फर्निचरच्या दुकानात विक्रीचा मुख्य केलं, त्याला गाडी लागायला लागली आणि डेअरीची बस होतीच. मग दुकानानं त्याला दुसरी गाडी दिली आणि ही खाली, भिंतीशी, राहून गेली. त्यानं तिच्यावर एक करडं आच्छादन आणून घातलं, चारी कोपरे दोरीनं बांधले, आणि गाडीचा विषय संपला. तिनं एकदोनदा म्हटलं होतं की ऑइल बदलायला हवं, कधीमधी फिरवून आणायला हवी. तो म्हणाला, "झाकून ठेवलीय ना नीट." महिन्यातून कधी आठवण झाली तर तो खाली जाऊन गाडी सुरू करी, मिनिटभर घरघर ऐकून समाधानानं बंद करी. ह्या वेळी आच्छादन काढलं तेव्हा आतून उबट हवेचा भपकारा आला. पायाखालच्या रबरावर हिरवट बुरशीची नक्षी उठली होती. स्टिअरिंगचं चाक हाताला चिकटत होतं, चोखून टाकलेल्या गोळीसारखी. काचेच्या खाचेत कुजलेल्या पानांचा चिखल झाला होता आणि त्यात पांढुरके, बारीक काहीतरी वळवळत होतं. तिला शहारे आले. नवऱ्यानं एक फडकं घेतलं आणि फक्त वरचं, दिसणारं, पुसून काढलं.

त्याचं हे असंच असे. दुकानात सोफ्याची उसवलेली बाजू भिंतीकडे फिरवणं हेच त्याचं कसब होतं, आणि तो ते घरीही घेऊन येई. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली तर तिथं आरसा. बहिणीशी बिनसलं तर तिच्या वाढदिवसाला सगळ्यांत मोठा गुच्छ. तो वाईट माणूस नव्हता. कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, लोकांत तिला नेहमी पुढं केलं. तिच्या मैत्रिणी म्हणत, नशीबवान आहेस. आणि ती हसे. कारण जे तिला खटकत होतं त्याला नाव नव्हतं, नुसता वास होता, आणि वासावरून कुणी नवऱ्याची तक्रार करतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक आला. मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका, असं त्यानं फोनवर बजावलं होतं. धुराचं बघायचं तर इंजिन थंडच लागतं. तोंडात काडी चघळणारा, पोट सुटलेला, हसरा माणूस होता. त्याची नखं इतकी काळी होती की बोटं तिथंच संपतात असं वाटे. त्यानं तिला चाकामागे बसवलं, स्वतः मागे गेला आणि नळीच्या तोंडाशी एक पांढरं फडकं धरून उकिडवा बसला. "मारा सेल्फ, ताई." पुन्हा तोच धूर, तोच वास. मेकॅनिक त्यात तोंड घालून, फुलं हुंगावीत तसा हुंगत बसला. धूर गेल्यावर त्यानं फडकं आणून तिला आणि नवऱ्याला दाखवलं. त्यावर तपकिरी, तेलकट शिंतोडे होते. कुणी आजारी माणूस खोकला असावा तसे.

"पांढरा असता आणि लगेच गेला असता तर नुसती वाफ म्हटलं असतं," तो म्हणाला. "पांढरा येतच राहिला असता तर आत पाणी शिरतंय. काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय. हा निळा. निळा म्हणजे ऑइल जळतंय."

"मग थांबतो कसा?" तिनं विचारलं.

"तीच तर गंमत." त्यानं बॉनेटमध्ये हात घालून रेस दिली. इंजिन किंचाळलं. "बघा मागं. आला? नाही ना? पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर आत्ता आला असता. ही वॉल्व्हची सीलं गेलीत. टोपीएवढी रबरं असतात, बाहुलीच्या टोपीएवढी. गाडी न वापरता पडली की ती वाळून कडक होतात. मग रात्रभर वरचं ऑइल थेंब थेंब खाली पाझरतं आणि पिस्टनच्या डोक्यावर साचून राहतं. सकाळी पहिला सेल्फ मारला की ते सगळं जळतं. एकदा जळून गेलं, की दिवसभर गाडी अगदी साजूक तुपातली."

नवरा हसला. मेकॅनिकनं इंजिन बंद करायला लावलं आणि जरा थांबून ऑइलची पट्टी ओढून काढली. तिच्यावर तेल नव्हतं, काळा शेंबूड होता. त्यानं तो चिमटीत घेऊन चोळला. नवऱ्याला चेव आला. "हिला द्या वास. डेअरीत नाकाचाच पगार घेते ही." मेकॅनिकनं गमतीगमतीत ते काळं बोट सरळ तिच्या नाकाखाली धरलं. ती मागे सरकली नाही. नाक त्याचं काम करून गेलं होतं.

"ह्यात पेट्रोल उतरलंय," ती म्हणाली.

"उतरणारच. जरा वेळ चालू करून बंद करत असाल. ऑइल कधी बदललंत, साहेब?"

"अलीकडेच की," नवरा म्हणाला.

ऑइल बदललं नव्हतं. तिला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आणि मेकॅनिकच्या चिमटीत तर ते होतंच. मेकॅनिकनं बोटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि "असेल, असेल," असं म्हणत बोट पॅंटला पुसलं. त्या दोघांच्या हसण्यात तेव्हा असा काही सलोखा झाला की तिनं तोंड फिरवलं. ती हातरुमाल शोधायला गाडीत वाकली, आणि मागच्या उघड्या काचेतून तिला त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू आलं.

"ठेवायचीय की विकायचीय?"

"विकायचीय. घरातलाच माणूस आहे, हिचा भाऊ."

"मग कशाला खोलता? माणूस यायच्या आधी तासभर फिरवून आणा. गरम इंजिनात काही दिसत नाही. सीलं मागनं त्यांची ते बघतील."

नवरा हसला नाही. नुसता "अच्छा" म्हणाला. एखादी चांगली जागा कळावी तसा, मनात टिपून ठेवणारा तो "अच्छा" होता.

त्या दिवशी डेअरीत तिच्या हातून चूक झाली. टँकरच्या शिडीवर ती चढली, वाकली, श्वास घेतला आणि तिला फक्त धूर आला. परत श्वास घेतला, परत धूर. खाली सगळे थांबले होते. ती "घ्या" म्हणाली. प्रयोगशाळेतल्या मुलीनं सवयीनं नळीत थोडं दूध घेऊन औषध टाकलं आणि ते दह्यासारखं फाटलं. मुलगी नळी उजेडात धरून तिच्याकडे पाहत राहिली. टँकरवालाच म्हणाला, "बाई, आज नाक घरी राहिलं वाटतं." सगळे हसले, तीही हसली, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन तिनं नाकात पाणी ओढलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर ओढलं. आरशात तिला स्वतःचे केस दिसले. एक बट पुढं ओढून तिनं हुंगली. धूर. पदर हुंगला. धूर. घरी आल्यावर नवऱ्याचा टॉवेल, उशी, चहाचा कप, सगळ्यालाच तो गोडसर, ओशट वास होता. आणि तिला भीती वाटली ती ही, की हा वास कालपासूनचा नसावा. तो आधीपासूनच असावा, आणि आपण रोज सकाळी वाकून, श्वास घेऊन, "घ्या" म्हणत आलो असू.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला.

"तो माझा भाऊ आहे."

"म्हणून तर," नवरा म्हणाला. घास तोंडात होता. गाल आतून हलत होता, आणि ती त्या गालाकडे बघत राहिली. "परक्याला काय, कुणालाही देता येते. तुझा भाऊ म्हणून मी किंमत किती कमी सांगितलीय."

"मग धुराचंही सांगू या."

"सांगून काय होणार? त्याला उगाच टोचत राहील. घ्यायची तर आहेच, मग मनात अढी ठेवून का घ्यावी? काही गोष्टी न सांगण्यातच माया असते गं."

तो हे मनापासून म्हणाला. तेच भयंकर होतं. तिला तिची आई आठवली, ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर. शेवटच्या आजारात दवाखान्यातून घरी आणताना आईला उलटी झाली होती. नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली, स्वतः मागे गेला, आपल्या रुमालानं आईचं तोंड पुसलं, "होतं हो, होतं," म्हणत पाठीवरून हात फिरवला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असा जावई, असं ती पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती. आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सीटला नवीन कव्हरं आणून चढवली. कोरी, फुलाफुलांची. खालचं धुतलं नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, "दिसतंय का काही?" आई गेली, कव्हरं तशीच राहिली. त्यानंतर ती मागच्या सीटवर कधी बसली नाही. रुमालाचा हात आणि कव्हराचा हात एकाच माणसाचे होते, आणि तिला आजपर्यंत ते दोन हात वेगळे करता आले नव्हते. काल धुराच्या तळाशी जो ओळखीचा थर लागला होता, तो धुरातला नव्हताच, सीटमधला होता, हे तिला आत्ता, ताटावर बसून, कळलं. तिनं ताट बाजूला सारलं. "काय झालं?" नवऱ्यानं काळजीनं विचारलं. "पित्त," ती म्हणाली.

रविवारी नवरा लवकर उठला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. सेल्फ, धूर, सिस्टरांची लागलेली खिडकी, आणि गाडी फाटकाबाहेर. बऱ्याच वेळानं तो परत आला तो ताजातवाना होऊन. मग त्यानं बादली आणली आणि गाडी धुवायला घेतली. बॉनेटवर त्यानं तीनचारदा पाणी ओतलं. पहिल्यांदा वाफ निघाली, मग निघेनाशी झाली. गाडी धुतलेली असेल तर बॉनेटला कुणी हात लावत नाही, आणि लावला तर पत्रा उन्हानं तापलाय असं वाटतं. हे मेकॅनिकनं सांगितलेलं नव्हतं. हे त्याचं त्यालाच सुचलं होतं. बादली उपडी करून, कमरेवर हात ठेवून तो चमकणाऱ्या गाडीकडे प्रेमानं बघत उभा राहिला, आणि खिडकीतल्या बायकोला बघून त्यानं हात हलवला.

भाऊ आणि भावजय आली. भावजयीचे पाय सुजले होते, ती जिने चढून दमली होती. चहा झाला. भावानं येताना पेढ्यांऐवजी फळं आणली होती, "हिला गोड बघवत नाही," म्हणाला. तो लहान असताना दुधाचा पेला आधी तिच्यापुढे धरायचा. ती वास घेऊन "पी" म्हणाली की डोळे मिटून पिऊन टाकायचा. ती म्हणाली नाही तर आईनं मारलं तरी प्यायचा नाही. आता त्याच्या कानांजवळचे केस पांढरे झाले होते, आणि तो भाऊजींच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. सगळे खाली गेले. भावजय मागचं दार उघडून बसली आणि लगेच तोंडाला पदर लावून उतरली. "आत कसलातरी वास येतोय हो."

"बंद होती ना," नवरा म्हणाला. "चार दिवस काचा उघड्या ठेवल्यात की जाईल."

भाऊ चाकामागे बसला. गाडी सुरू झाली. त्यानं उतरून मागे जाऊन पाहिलं, वाकून पाहिलं, नळीपुढं हात धरून पाहिला. "एकदम स्वच्छ," तो म्हणाला. "भाऊजी, ठेवलीय हो नीट तुम्ही."

ती पुढं झाली आणि तिनं ओल्या बॉनेटवर तळहात टेकला. पाण्याच्या थराखाली पत्रा अजून गरम होता.

"आत्ता नाही येत धूर," ती म्हणाली. तिचा आवाज डेअरीतला, शिडीवरचा निघाला. "इंजिन थंड असलं की येतो. ह्यांनी सकाळीच फिरवून आणलीय, तू यायच्या आधी गरम राहावं म्हणून. सीलं गेलीत, ऑइल खाते. ऑइलही बदललेलं नाही."

पाणी गाडीखालून ठिबकत होतं. नवऱ्याचा चेहरा आधी रिकामा झाला, मग त्यावर तेच हसू परत आलं, जरा लंगडत. "तुझ्या बहिणीला नोकरीत हेच काम आहे बाबा," तो म्हणाला. "घरीसुद्धा सुटत नाही."

तिनं भावाकडे पाहिलं. तो चिडेल, असं तिला वाटत होतं, किंवा दुखावेल, बायकोचा हात धरून निघून जाईल आणि मग महिनाभर फोन करणार नाही. ह्यातल्या कशालाही ती तयार होती. भाऊ हनुवटी खाजवत विचारात पडला होता.

"साधारण किती वेळ फिरवावी लागते, भाऊजी?" त्यानं विचारलं.

"काय?"

"म्हणजे धूर दिसू नये ह्यासाठी. अर्धा तास पुरतो का?"

"नाही, जरा जास्तच फिरव," नवरा सावरत म्हणाला. "आणि वर पाणी मारायचं. म्हणजे हाताला कळत नाही."

"हे बरंय," भाऊ म्हणाला, आणि हसला. "नाही ताई, तुला वाटतंय तसं काही नाही. मी तरी कुठं जन्मभर ठेवणार आहे? बाळंतपण होईस्तोवर गाडी हवी. पुढं कुणालातरी देऊन टाकायचीच. तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं." मग नवऱ्याकडे वळून, "पण आता किमतीचं जरा बघा हं, भाऊजी." दोघं हसले. नवऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं भिंतीशी जाऊन बोलू लागले, डोकं डोक्याला लावून, जुन्या दोस्तांसारखे. भावजय एकटीच पदरानं तोंड धरून उभी होती. तिनं कुणाचंच काही ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून सोडून दिलं होतं.

किळस आली ती नवऱ्याची नव्हे. नवऱ्याची तिला सवय होती, जशी डेअरीतल्या गटाराची होते. ज्याच्या तोंडाला लावायचा पेला तिनं इतकी वर्षं आधी हुंगला होता, तोच आता पेल्यात काय आहे हे कळल्यावर पुढच्याला कसा पाजावा हे विचारत होता. आणि ते त्याला शिकवायला तिनंच तोंड उघडलं होतं. खरं बोलण्याचा एवढाच उपयोग झाला होता. तिला वाटलं, इथंच, ह्या धुतलेल्या फरशीवर, ओकून टाकावं. पण काही आलं नाही. नुसती एक कोरडी, कडक शांतता आली.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली.

दोघांनी माना वळवल्या.

"अगं, ठरतंय आमचं," नवरा म्हणाला.

"माझ्या नावावर आहे. मी सही करणार नाही."

"ताई, रागावलीस का?" भावानं लाडात विचारलं. "आता मी एवढ्या लांब हिला घेऊन कसा जाऊ?"

"तुला दुसरी बघून देईन. चांगली, मी वास घेऊन. ही नाही." ती भावजयीकडे गेली. "चल वर. लिंबाचं सरबत देते. इथं उभी राहू नकोस." भावजय निमूट तिच्याबरोबर वर आली. जिन्यात ती हळूच म्हणाली, "बरं झालं. मला त्या गाडीत बसवलंच नसतं."

सोमवारी तिनं डेअरीत रजा कळवली. नवरा अंघोळीला गेला होता तेव्हा ती किल्ली घेऊन खाली उतरली. सेल्फ मारला. धूर आला, होता तसाच. तिनं काचा खाली घेतल्या आणि पहिला गिअर टाकला. हात विसरले होते, पाय विसरले होते. गाडी हिसके देत फाटकाबाहेर पडली आणि तिच्यामागं तो निळा पट्टा गल्लीभर पसरला. बसची वाट बघणाऱ्या माणसांनी नाकं धरली. एक म्हातारा काहीतरी ओरडला. तिचे कान तापले, पण तिनं वेग वाढवला नाही. तिचीच गाडी होती, तिचाच धूर होता, आणि निदान लोकांना दिसत तरी होता.

मेकॅनिकनं तिला एकटीला बघून काडी तोंडातून काढली. "साहेब नाहीत?"

"सीलं बदला. ऑइल बदला. जे सडलंय ते सगळं बदला."

"विकायची आहे ना? मग एवढं कशाला?"

"विकायची नाही. मी चालवणार आहे."

त्यानं वरचं झाकण उघडलं. आत काळ्या, घट्ट गाळाचा लेप होता, तव्याखालच्या काजळीत तेल ओतून खरवडावं तसा. त्यानं तिला बाकावर बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. त्याच्याकडून तिनं बादली आणि ब्रश मागून घेतला, मागचं दार उघडलं आणि सीटची कव्हरं ओढून काढली. फुलं फाटली. खाली पिवळट, कडा काळवंडलेला मोठा डाग होता, आईच्या बाजूला, खिडकीशी. दबलेला वास असा वर आला की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. आणि ह्या वेळी खरंच उलटी झाली, गॅरेजच्या नाल्यात, मेकॅनिकच्या देखत. त्यानं पाणी आणून दिलं. ती चूळ भरून आली, पदर खोचला आणि डागावर साबण ओतून घासायला लागली. घासताना ती रडत होती का, हे तिला नीट कळलं नाही. आईची ही शेवटची उरलेली खूण होती आणि ती किळसवाणी होती, आणि त्या खुणेला कुणीतरी हात लावायला हवा होता. बादलीतलं पाणी काळं झालं, ओतलं, परत भरलं, परत काळं झालं. दुपारी मेकॅनिकनं येऊन काढलेलं एक सील दाखवलं. रबर कसलं, खिळ्यासारखं टणक. चिमटीत धरताच त्याचा तुकडा पडला.

"खरं काय ते उद्या सकाळी कळेल," तो म्हणाला. "नवी बसवतो, पण रात्रभर थंड राहिल्याशिवाय काही दिसत नाही."

तिनं गाडी रात्रभर तिथंच ठेवली आणि सकाळी बसनं परत गेली. सेल्फ मारून ती स्वतः मागे जाऊन उभी राहिली. नळीतून थोडी वाफ निघाली आणि विरली. तिनं वाकून वास घेतला. गरम लोखंड, पेट्रोल, आणि काही नाही.

घरासमोर गाडी आणून ती डबा घ्यायला वर गेली आणि परत खाली आली तेव्हा नवरा गाडीभोवती फिरत होता. दोन दिवस तो तिच्याशी फार गोड बोलला होता; भांडणावर कव्हरं कशी चढवायची हे त्याला येत होतं. त्यानं बॉनेट थोपटलं, काचेतून मागच्या उघड्या सीटकडे पाहिलं.

"वा," तो म्हणाला. "डोकं चालवलंस हं. आता तर हिची दीडपट किंमत येईल. सीटला तेवढी नवी कव्हरं टाकू." आणि पुढचं डावीकडचं दार उघडून तो आत बसला, पट्टा लावला, तिचा डबा मांडीवर घेतला. "चल, मला दुकानापाशी सोड. माझी गाडी आज दुसऱ्यानं नेलीय."

ती चाकामागे बसली. किल्ली तिच्या हातात होती. त्याच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता, स्वच्छ, ताजा, आणि तिनं तो एक श्वास भरून घेतला. मग ती म्हणाली, "तुम्ही उतरा."

"काय?"

"मी कामावर चाललेय. तुम्ही उतरा."

तो हसला. तिचा विनोद कळल्यासारखा, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून हसला. तिनं किल्ली लावली नाही. मांडीवर हात ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. बस येऊन गेली असेल. टँकर उभे राहिले असतील, कुणीतरी म्हणत असेल, नाक आलं नाही का अजून. तिला घाई नव्हती. शेजारचं हसू हळूहळू ओसरलं, मग एक खाकरणं ऐकू आलं. बऱ्याच वेळानं पट्टा सुटल्याचा आवाज झाला.